गोव्यातलं संशोधन गोवेकरांपर्यंत परत येतं का?

साखळीचे_मास्तर
एवढंसं आपलं राज्य, पण संशोधन संस्थांची रेलचेल बघा. दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगावच्या पठारावर १९८५ पासून गोवा विद्यापीठ, वास्कोत हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्यात एला इथं किनारी शेतीची संस्था, झुआरीनगरला बिट्स, फर्मागुढीहून सुरू झालेली आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी. बांबोळीच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, मूळ तर १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत आहे. देशात इतक्या लहान जागेत इतके संशोधक क्वचितच कुठे असतील.

माझा प्रश्न साधा आहे. हे लोक आपल्या विहिरीचं पाणी नेतात, शेतातली माती नेतात, आपलं रक्त नेतात, घरोघर प्रश्नावल्या भरून घेतात. पुढे त्याचं काय होतं? खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी बाटल्या भरभरून नेलं होतं. कोणी नेलं ते इथे लिहीत नाही. निकाल आमच्या वाड्यावर कधीच आला नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीला तो इंटरनेटवर एका इंग्रजी नियतकालिकात दिसला. तक्त्यात आमच्या वाड्याचं नावसुद्धा नव्हतं, नुसता एक क्रमांक.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. संशोधनाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच विचारतो. कोणत्या संशोधनामुळे तुमच्या गावात खरोखर काही बदललं? आणि कोणतं संशोधन तुमच्याकडून काही घेऊन गेलं आणि परत आलंच नाही? आपापले अनुभव लिहा.

ताळगावची_संशोधक
मास्तर, प्रश्न रास्त आहे. पण आमची बाजूही ऐका. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पदवी मिळते ती प्रबंधावर आणि शोधनिबंधांवर. प्राध्यापकांची बढतीही त्याच हिशेबाने होते. गावात जाऊन चार माणसांना निकाल समजावला तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. अनुदान नमुने गोळा करायला मिळतं, परत जाऊन सांगायला मिळत नाही. इच्छा असलेले खूप आहेत, पण प्रकल्प संपला की गाडीही नसते आणि वेळही नसतो.

एक गोष्ट मात्र सांगते. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचायला मिळतात. गोवा विद्यापीठाचेही आहेत. आपल्या तालुक्याचं नाव टाकून शोधून बघा, पुष्कळ काही सापडेल.

पेडण्याचा_पोर
शोधगंगेत उडी मारली. तालुक्याचं नाव टाकलं. आता वर यायला होडी पाठवा. :)

खाजनराखण
मी तिसवाडीतला, खाजन शेती करतो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली जमीन. बांधाला मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं लागतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. पावसाळ्यात भात, आणि मानशीवर मासळी. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचं सांगतात.

बदल झाला का, तर हो, झाला. आमचं जुनं भात कोरगुट. खारं पाणी शिरलं तरी तग धरतं, पण उंच वाढून आडवं पडतं आणि उतारा कमी. एलाच्या संस्थेने त्याच कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' नावाची वाणं काढली, खारं पाणी सोसणारी. आमच्याकडे काहींनी ती लावली. भात उभं राहिलं. शास्त्रज्ञ स्वतः चिखलात उतरून बघून गेले, आणि कापणीच्या वेळी पुन्हा आले. याला मी परत येणं म्हणतो.

पण बांधाचं काय? बांध फुटला की बियाणं कितीही चांगलं असो, उपयोग शून्य. पूर्वी बांधाची राखण गावकी करायची, त्यासाठी माणसं नेमलेली असायची. आता कूळ एक, मालक दुसरा, आणि मानशीचा लिलाव तिसऱ्याच्या हातात. मासळीसाठी दारं नको तेव्हा उघडी ठेवतात आणि खारं पाणी शेतात घुसतं. शेत पडीक राहिलं की तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं, वाढतात, आणि तिवर वाढले की त्यांना हात लावायला कायद्याची आडकाठी. बियाण्यावर संशोधन करणारे आहेत, खारफुटीवर आहेत, माशांवर आहेत. या तिघांना एका बांधावर उभं करणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

साखळीचे_मास्तर
खाजनराखण, तुमचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. ताळगावच्या ताई, विद्यापीठात असे वेगवेगळे विभाग एकत्र येऊन काम करतात का?

ताळगावची_संशोधक
कागदावर पुष्कळ. प्रत्यक्षात दोन विभागांचे मार्गदर्शक एकमेकांचे मित्र असले तर होतं.

वाळपईची_बाय
मी सत्तरीत आरोग्यकेंद्रावर काम केलंय, म्हणून माकडतापाबद्दल लिहिते.

हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या सत्तरीत आला तो २०१५ च्या सुमारास. पाली, म्हाऊस ही नावं तेव्हा पेपरात रोज यायची. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात राहतात. आणि आमच्याकडे जानेवारीपासून मेपर्यंत माणूस कुठे असतो? काजूच्या बागायतीत. बोंडू वेचताना बाया वाकून पाचोळ्यात हात घालतात, पायात चप्पल असते-नसते. पिल्लू गोचीड इतकी बारीक की चावली तरी कळत नाही. मग चार-आठ दिवसांनी एकदम सडकून ताप, डोकं फुटतंय असं वाटणं, अंग मोडून येणं.

आम्ही घरोघर फिरून गोचिडी दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल वाटलं. हात-पाय, मानेमागे, कमरेच्या शिवणीशी कसं लावायचं ते दाखवलं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा, हे सांगून सांगून घसा बसायचा. सुरुवातीला रक्ताचे नमुने मणिपालला जायचे. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "बाय, रक्त नेलं त्याचं काय झालं?" ज्याचा निकाल यायचा त्याला आम्ही सांगायचो. पण ज्याला माकडताप निघाला नाही त्याला 'तुला तो नाही' हे सांगायला कोणी जायचं नाही. ती माणसं भीतीतच राहायची. त्यांना नुसता एक निरोप पुरला असता.

आणि लसीचं सांगते. जुनी लस कर्नाटकात कित्येक वर्षं वापरात होती, आमच्याकडेही दिली. दोन डोस, मग बूस्टर. इंजेक्शन दुखरं होतं, तरी लोक आले. नंतर अभ्यासांतून दिसलं की तिचं संरक्षण कमी पडतंय, आणि २०२२ मध्ये ती थांबवली. आता नवीन लशीवर काम चाललंय. हे अगदी योग्य झालं, शास्त्र असंच पुढे जातं. पण ज्यांनी दंड पुढे केला होता त्यांना येऊन कोणी सांगितलं का, की बाबांनो, ही लस कमी पडते असं कळलंय, म्हणून थांबवली, तुम्ही तेल लावणं सोडू नका? काही घरांत अजून 'आपण लस घेतलीय' म्हणून तेल लावत नाहीत. मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. निकाल सांगायला कोणी आलं नाही तर माणूस जुन्या माहितीवर जगत राहतो आणि त्याच्या जिवाला धोका होतो.

अबोली_म्हापसा
बाय, तुमचा प्रतिसाद वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवला. माझं माहेर त्याच बाजूला आहे. देव बरें करूं.

आल्तिनोकर
वाळपईच्या बायच्या प्रतिसादानंतर एक चांगलं उदाहरणही द्यायला हवं. पणजीतला मलेरिया.

१९८६ च्या आसपास पणजीत मलेरिया एकदम वाढला. तेव्हा घराघरात कोणी ना कोणी थंडी वाजून पडलेलं असायचं. इमारतींची बांधकामं जोरात होती. तपासात मुख्य डास निघाला ॲनॉफिलिस स्टीफन्सी. हा गटारातला नव्हे, स्वच्छ पाण्यातला. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, स्लॅबला पाणी मुरवण्यासाठी साठवलेलं पाणी, बांधकामावरची सिमेंटची टाकी, हे त्याचं घर. बाहेरून कामाला येणाऱ्या मजुरांच्या रक्तात जंतू असायचा आणि डास तिथेच, बांधकामाच्या पाण्यात वाढलेला. साखळी पूर्ण.

मलेरिया संशोधनाचं एक फील्ड युनिट पणजीत होतं. त्या लोकांनी प्रत्यक्ष शहरात प्रयोग केले. डासांच्या अळ्या मारणारे जिवाणू पाण्यात फवारले, अळ्या खाणारे मासे विहिरी-टाक्यांत सोडले. गप्पी तर होतेच, आपल्या इथल्या ओहळांत मिळणारा ॲप्लोकायलस नावाचा छोटा मासाही वापरून बघितला. कामगारांचं रक्त तपासून आरोग्यपत्र देण्याची सक्ती कायद्यात आली. विहिरीवर झाकण किंवा जाळी घाला म्हणून नगरपालिकेची माणसं दारात यायची. आमच्या विहिरीत सोडलेले मासे आम्ही मुलं वाकून मोजायचो, आणि आई ओरडायची. पुढे मलेरिया ओसरला तो या सगळ्यामुळे.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की तो अभ्यास पणजीच्या गच्च्यांवर झाला आणि उपायही त्याच गच्च्यांवर आला. आणि आता हाच डास आफ्रिकेत पोचलाय. २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, मग इथिओपियात. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला होता, हा शहरात वाढणारा डास गेल्यामुळे तिथे मोठी चिंता आहे. पणजीने जे शिकून ठेवलंय ते त्यांना उपयोगी पडेल.

स्पष्टच_बोलतो
धाग्याचा सूर मला पटत नाही. प्रत्येक संशोधनाने उद्या सकाळी गावाला काहीतरी द्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

२६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' या जहाजावरून समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या तळातून बहुधातूंचे गोळे वर काढले. मॅंगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले. त्या दिवशी कोणी विचारलं असतं, "आमच्या दोनापावलाला याचा काय उपयोग?", तर उत्तर काय द्यायचं? पण त्या कामामुळे १९८७ मध्ये खोल समुद्रातल्या खनिजांसाठी 'पायोनियर इन्व्हेस्टर' म्हणून जगात पहिली नोंद भारताची झाली. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा हक्क आपल्याकडे आहे. उपयोग पन्नास वर्षांनीही कळू शकतो. मूलभूत विज्ञानाला हिशेब विचारायला लागलात तर ते मरेल.

सडा_वास्को
स्पष्टच_बोलतो यांना अनुमोदन. अवांतर होईल, पण लिहितो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली. डॉ. कासिम नेते होते, जे आधी दोनापावलाच्या संस्थेचे संचालक होते. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. आता मैत्री आणि भारती ही तिथली दोन्ही केंद्रं चालतात ती आमच्या सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे (खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे लांब तुकडे) सड्यावर शीतगृहात ठेवलेले आहेत. बाहेर मे महिन्यात अंगाची लाही होत असते आणि आत हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ. शाळेतल्या मुलांना एकदा तरी दाखवून आणा.

पेडण्याचा_पोर
वास्कोत उकाड्याने जीव जातो आणि सरकार बर्फ कपाटात ठेवतं. हा अन्याय आहे. :)

साखळीचे_मास्तर
स्पष्टच_बोलतो, तुम्ही म्हणता ते मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय. समुद्राच्या तळातल्या गोळ्याकडून मी उपयोग मागत नाही. माझं म्हणणं फक्त एवढं आहे की ज्याच्या घरातून, शेतातून, अंगातून नमुना घेतला, त्याला काय सापडलं ते सांगावं. उपयोग झाला नाही तरी चालेल, उत्तर मात्र यायला हवं. समुद्राचा तळ उत्तर मागत नाही. विहिरीचं पाणी पिणारा माणूस मागतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

स्पष्टच_बोलतो
हा फरक मान्य. पण संशोधकाने पाण्यात जस्त किती हे गावात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'विहिरीत विष' असा मथळा आला, तर जबाबदार कोण? अर्धवट माहिती घबराट करते. म्हणून संस्था गप्प बसतात.

वाळपईची_बाय
गप्प बसल्यामुळे घबराट कमी होत नाही. मी गावात पाहिलंय, माहिती नसली की जास्त होते.

दोन_मिनिटं_बोलू
मी समुपदेशक म्हणून प्राथमिक आरोग्यकेंद्रांत काम केलं. मानसिक आरोग्यावरचं गोव्यातलं काम जगभर वाचलं जातं, पण आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

'संगत' ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. लंडनच्या एका विद्यापीठाबरोबर त्यांनी गोव्यात मोठे अभ्यास केले. पहिला 'मानस', १२ सरकारी केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने. कल्पना अशी की नैराश्य ओळखायला आणि त्यावर बोलायला मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. आपल्यातलीच माणसं नीट शिकवून तयार करता येतात. २०१० मध्ये निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खाजगी दवाखान्यांत तितका दिसला नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपण सरकारी आरोग्यकेंद्राला उठसूट नावं ठेवतो.

नंतरचा अभ्यास तीव्र नैराश्याचा होता, १० प्राथमिक केंद्रांत, ४९५ माणसं, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आला. त्यात उपचार म्हणजे आठवड्यातून एकदा बसून बोलणं, साधारण सहा ते आठ वेळा. पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. समोरच्याला विचारायचं, तुम्ही आधी काय काय करत होता आणि आता काय सोडलंय? देवळात जाणं सोडलं, शेजारणीशी बोलणं सोडलं, परसातली मिरची बघणं सोडलं. मग त्यातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यासाठी ठरवायची, आणि ती कधी, कुठे, किती वाजता करणार ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. 'मन लागलं की करीन' असं नाही, मन लागायच्या आधीच करायचं. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच. औषध घेणाऱ्याचं औषध चालूच. ही पद्धत पुढे नेपाळमध्येही वापरली गेली.

मास्तर, माझं दुःख वेगळं आहे. अभ्यास यशस्वी झाला, जगाने घेतला. पण प्रकल्प संपला तशी माणसंही पांगली. जिथे सिद्ध झालं तिथेच ते प्रत्येक केंद्रावर कायमचं असायला हवं होतं. निकाल परत येणं ही पहिली पायरी. सेवा परत येणं ही खरी गोष्ट.

अबोली_म्हापसा
माझ्या सासूबाईंना अशाच बोलण्याचा उपयोग झाला होता. तेव्हा ते संशोधन आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

कांदोळीचा_रापणकार
मासळीवर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. गोव्यात मासळीबंदी जून-जुलैची. ती उठते, नारळी पौर्णिमा होते, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरला कधी कधी किनाऱ्याजवळ तळाची मासळी गायब. जुने लोक म्हणायचे पाणी 'खराब' झालंय. माझ्या मुलाने शोधून दाखवलं की दोनापावलाचे शास्त्रज्ञ १९९७ पासून आमच्या कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरलेल्या जागी पाणी तपासतात. पावसाळ्यात खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याकडे वर येतं, वरून पावसाचं गोडं पाणी पसरतं, ते हलकं, त्यामुळे खालच्याला वरचा वारा लागत नाही. सप्टेंबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो, कधी कधी कुजका वासही येतो. २००० साली त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला.

म्हणजे आमचे बापजादे बरोबर होते! आमच्याच दारासमोरची ही माहिती मला माझ्या मुलाकडून, मोबाइलवर कळली. दर सप्टेंबरला एक फलक जेटीवर लावला तर काय बिघडेल? आज तळाशी प्राणवायू किती, बस. डिझेल वाचेल.

पेडण्याचा_पोर
फलकावर बांगड्याचा भावही लिहा, म्हणजे बायकासुद्धा वाचतील.

अबोली_म्हापसा
पुरुषांनीही वाचावा, बाजारात फसता ते तुम्हीच.

घरोघर_पट्टी
मी वास्तुरचना शिकते. आमच्या वर्गाने पणजीतल्या मळा आणि सांतिनेज या भागांत पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं याची पाहणी केली. पणजी ही मुळात पाणथळीवर आणि भराव टाकून वसलेली. रायबंदरला जोडणारा बांधरस्ता १६३३-३४ चा, त्याआधी मधे दलदलच होती. जुनं गोवं रोगराईने ओस पडत गेलं आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, म्हणजे रोगराई आणि पाणी हे या शहराच्या जन्मापासूनचे प्रश्न आहेत. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यातलं पाणी मांडवीत जाऊच शकत नाही, ते उलट घरांत येतं. खाजनराखण काकांनी मानशीचं सांगितलं ना, शहरात तीच समस्या आहे, फक्त दारं राखणारं कोणी नाही.

आम्ही पट्टी घेऊन घरोघर गेलो. मळ्यातल्या एका आजींनी दाराच्या चौकटीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखवल्या, एकेका पावसाळ्याची एकेक, शेजारी साल लिहिलेलं. आमच्या सगळ्या मोजमापांपेक्षा ती चौकट जास्त सांगत होती. आम्ही त्या सगळ्या उंच्या नकाशावर उतरवल्या, गुण मिळाले, अहवाल कपाटात गेला. त्यानंतर स्मार्ट सिटीची कामं निघाली, रस्ते खणले गेले, नवी गटारं आली. तो नकाशा कोणी मागितला नाही, आणि तो नेऊन द्यायचा कुठे हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

आल्तिनोकर
ताई, तो नकाशा इथे टाका. मी मळ्यातल्या चार लोकांना ओळखतो, छापून चौकात लावतो. 'प्रादेशिक आराखडा २०११', म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची त्याचा सरकारी आराखडा, लोकांनी २००७ च्या जानेवारीत रद्द करायला लावला तो नकाशे वाचूनच. २०२१ च्या आराखड्याचे नकाशे पंचायतीत आले तेव्हा ग्रामसभांत शेतकऱ्यांनी, गृहिणींनी बोट ठेवून दाखवलं होतं की इथे झर आहे, इथे खाजन आहे, तुम्ही चुकीचा रंग भरलाय. नकाशा मिळाला तर आपली माणसं तो वाचतात.

मेळावलीचा_शेजारी
हा धागा वाचताना मला सत्तरीतली शेळ-मेळावली आठवते. २०२१ च्या जानेवारीत तिथे आयआयटीसाठी घेतलेल्या जागेला गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, शेवटी सरकारला ती जागा सोडावी लागली. पेपरात आलं 'गावकरी शिक्षणाच्या विरोधात'. आम्ही शिक्षणाच्या विरोधात कधीच नव्हतो. कित्येक पिढ्या कसलेली बागायत, काजू, पाण्याचा झरा, हे सगळं कोणाला न विचारता नकाशात रिकामं दाखवलं होतं. संशोधन संस्था गावात येणार असेल तर पहिलं संशोधन गावाचं करा. कोण काय कसतो ते बघा, मग बोला.

स्पष्टच_बोलतो
यावर माझा काही वाद नाही.

कोंकणीमोगी
हे सगळं परत येणार ते मराठीत की कोंकणीत, ते आधी ठरवा.

फोंड्याचा_वाचक
झालं, आता चारशे प्रतिसाद.

व्यवस्थापक
भाषावादासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथे विषयावरच लिहावे. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

वाळपईची_बाय
माझ्या अनुभवात घरी जाऊन, बसून सांगितलं तर भाषेची अडचण येत नाही.

ताळगावची_संशोधक
दोन दिवस हा धागा वाचतेय, झोप लागत नाहीये. माझा प्रबंध मिठागरांतल्या जिवाणूंवर आहे. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांतून मी नमुने घेतले. उन्हाळ्यात पाणी आटत जातं, खार वाढत जातो, आणि मीठ धरायच्या आधी पाण्याला गुलाबी-तांबूस झाक येते. ती खार सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तिथल्या लोकांना त्या रंगाचा अर्थ माझ्याआधीपासून ठाऊक होता, त्यांनीच मला कुठल्या खणात कधी पाणी घ्यायचं ते सांगितलं. प्रबंधाच्या आभारपानावर मी 'स्थानिक मीठ उत्पादक' एवढंच लिहिलंय. ते बदलते आहे. ज्यांची हरकत नसेल त्यांची नावं विचारून घालणार. आणि प्रबंध देण्याआधी आगरवाड्याला जाऊन काय सापडलं ते सांगणार. तिथलं कोणी आहे का इथे?

पेडण्याचा_पोर
मी आहे. आता थट्टा नाही, खरंच सांगतो. माझ्या मामाचे आगर तिथेच आहेत. त्यांचे प्रश्न मी तुम्हाला आत्ताच देतो, म्हणजे तयारीने या. एक, नदीतून येणाऱ्या गाळामुळे मीठ काळपट पडतं, त्यात खाण्याला वाईट असं काही असतं का? दोन, अवेळी पाऊस पडला की सगळा खण वाया जातो, पुन्हा तो रंग यायला किती दिवस लागतात ते तुमच्या मोजणीत आहे का? तीन, आपलं खडं मीठ चांगलं म्हणून पर्यटकांना दुप्पट भावाने विकतात, त्यात खरं किती? मामा म्हणतो, भाव चालेल, पण खोटं सांगून नको.

ताळगावची_संशोधक
दुसऱ्याचं उत्तर माझ्या वहीत आहे, निदान मी घेतलेल्या खणांपुरतं. पहिल्यासाठी माझ्याच इमारतीत धातूंवर काम करणारी मैत्रीण आहे, तिला घेऊन येते. तिसऱ्याचं खरं उत्तर मिठाची तपासणी केल्याशिवाय देणार नाही.

साखळीचे_मास्तर
मीही येतो, हरकत नसेल तर. आणि घरोघर_पट्टी ताई, तुमच्या नकाशासाठी आल्तिनोकरांना व्यक्तिगत निरोप पाठवा.

घरोघर_पट्टी
पाठवला. मोठा आहे, तीन तुकड्यांत जातोय.

पेडण्याचा_पोर
मास्तर, या की. मार्च अखेर या, तेव्हा मीठ धरलेलं असतं. दुपारी आगरात कोणी बोलायला मोकळं नसतं, सगळे मीठ ओढत असतात, त्यामुळे पाचनंतर. गाडी देवळापाशी लावा, पुढे बांधावरून चालत. चपला काढायची तयारी ठेवा.